शून्याचे तीस दिवस

शून्य आलं ते एका गुरुवारी, सकाळी सव्वानऊला. ते बघायला खोलीत शैलजाशिवाय कुणी नव्हतं. भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर गेले आठ आठवडे कधी एकशे बारा, कधी सत्तर, कधी बावीस असे लाल आकडे दिसत आले होते. आज तिथं एकच हिरवा गोल होता. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खाटेच्या कडेवर बसून नवऱ्याला फोन लावला.

"अहो, शून्य आलं."

"आलं का? बरं झालं," बाहुबली म्हणाला. मागे दुकानात कुणीतरी बेअरिंग मागत होतं. "मला मोबाइलवर दिसेलच की. आता तीस दिवस टिकायला पाहिजे, नाही का?"

"हो. तीस."

"बरं. गिऱ्हाईक आहे गं. ठेवतो."

फोन ठेवल्यावर आणखी कुणाला सांगावं, याचा ती विचार करत राहिली. प्रणिती परीक्षेच्या हॉलमध्ये असेल. कारखान्यातल्या बायकांचे फोन जानेवारीनंतर हळूहळू थांबले होते. शेवटी तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती आडवी झाली आणि दुपारचा डबा येईपर्यंत तशीच पडून राहिली.

शैलजा मगदूम चव्वेचाळीस वर्षांची होती. इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्यात तिनं वीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत यायचं आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ विणलेली पट्टी तिच्या नजरेतून सुटायची नाही. २०३८ च्या जानेवारीत महिनाभर न हटलेल्या खोकल्याचं निदान झालं. क्षय होता, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. घर दोन खोल्यांचं, मुलगी बारावीला. "प्रणितीची परीक्षा होईपर्यंत" असं म्हणत बाहुबलीनं स्वतः तिची बॅग गावाबाहेरच्या वसाहतीत आणून ठेवली होती. एका ओळीत आठ खोल्या, प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या, पुढे मोकळं अंगण. आणि प्रत्येक खोलीत एक डबी.

डबीचं सरकारी नाव होतं क्षयगणक. आतला छोटा पंखा खोलीतली हवा ओढून एका ओलसर पट्टीवर सोडतो. त्या पट्टीत एक विषाणू असतो. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. तो शिरतो फक्त क्षयाच्या जंतूत, आणि तोही जंतू जिवंत असेल तरच त्याच्यात वाढतो. शास्त्रज्ञांनी या विषाणूत काजव्याचं प्रकाश देणारं जनुक बसवलं होतं. त्यामुळे जिवंत जंतू आतून उजळायचा, मेलेला अंधारातच राहायचा. पट्टीखालचा संवेदक उजळलेले ठिपके मोजून चाळीस मिनिटांत आकडा दाखवायचा. पूर्वी थुंकीतले जंतू नळीत वाढवून बघायला आठवडे लागायचे. योग्य औषध लागू पडलं की रोग्याकडून दुसऱ्याला लागण होणं लवकरच थांबतं, असं डॉक्टर तेव्हाही सांगायचे, पण घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नसे. आता भिंतीवर आकडा होता आणि तोच आकडा घरच्यांच्या मोबाइलवरही जायचा. सलग तीस दिवस शून्य राहिलं की निर्धोक दाखला मिळे. मग कारखान्याला कामावर परत घ्यावंच लागे. मधे एकदा जरी आकडा वर गेला तरी मोजणी पहिल्यापासून.

ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोक जंतूला भितात. जंतू नाही हे डोळ्यांना दिसलं की भीती जाईल, आणि भीती गेली की माणसं परत येतील.

आठव्या दिवशी बाहुबली आला. प्रणितीचा शेवटचा पेपर आदल्या दिवशीच झाला होता. त्यानं अंगणात स्कूटर लावली आणि दारात येऊन पिशवी पुढे केली. तिच्या दोन साड्या, केसांचं तेल आणि चिरमुऱ्याचा डबा.

"आत या की," शैलजा म्हणाली. "शून्य आहे. आता आत यायला परवानगी आहे पाहुण्यांना."

"माहितेय की. बघतो ना मी रोज." त्यानं चपलांकडे पाहिलं. "आता चपला काढायच्या, परत घालायच्या. उशीर होतोय. माल यायचाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तोंडाला मास्कही लावला नव्हता. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, मोकळा श्वास घेत होता, आणि त्याला जरासुद्धा भीती वाटत नव्हती.

"प्रणिती नाही आली?"

"मैत्रिणीकडे गेलीय. आता प्रवेश परीक्षेचा क्लास लावलाय तिनं." तो थोडा घुटमळला. "तुझी खाट होती ना खिडकीशी, तिथं तिचं टेबल लावलंय. उजेड चांगला येतो."

"बरं केलंत."

स्कूटर फाटकाबाहेर गेली. खाट हलवल्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. मुलीला उजेड हवाच. खटकलं होतं ते वेगळंच, आणि काय ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो घाबरलेला असता तर तिला सोपं गेलं असतं, एवढं मात्र तिला कळलं.

दर पंधरवड्याला आरोग्यसेविका नसीम मोमीन यायची. वजन, रक्त, पायांना मुंग्या येतात का, आणि मग टॅबलेटवरचे नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? कशात रस वाटेनासा झालाय का? झोप? भूक? आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का?

"नाही गं. बरं आहे सगळं," शैलजा प्रत्येकाला म्हणाली. तिनं चार दिवस केस विंचरले नव्हते. नसीमनं तिच्या डोक्याकडे पाहिलं, पण टॅबलेटवर जे ऐकलं तेच लिहिलं.

शेजारच्या सात नंबरात यल्लव्वा होती. बासष्ट वर्षांची, सीमाभागातल्या गावची. तिनं आयुष्यभर यंत्रमागांच्या गल्लीतल्या कामगारांना भाकरी करून घातली होती. वसाहतीत ती सगळ्यांत जुनी, नऊ महिन्यांची. कितीजण आले, शून्य घेऊन गेले. तिचा आकडा चाळिसाच्या खाली कधी आलाच नव्हता. मुलगा बेळगावला होता. पहिले काही महिने तो मोबाइलवर आकडा बघून फोन करायचा. मग आकडा काही हलेना, तसा फोनही थांबला.

शैलजा आली तेव्हा पहिल्या दिवशी अंगणात खुर्ची सरकवून तिला बसायला देणारी यल्लव्वाच होती. "मला अक्का म्हण," असं तिनं सांगून टाकलं होतं. दोघी रोज सकाळी उन्हात बसायच्या. उघड्यावर बसायला कुणाची हरकत नव्हती. वाऱ्यात जंतू विरून जातात, उन्हात मरतात. फक्त एकमेकींच्या खोलीत जायचं नाही, एवढा नियम होता.

पण शून्य आलं आणि शैलजाची खुर्ची लांब जाऊ लागली. आधी दोन हात, मग चार. पुढे ती उशिरा बाहेर यायला लागली, यल्लव्वा आत गेल्यावर. तिनं हे ठरवून केलं नव्हतं. विसाव्या दिवशी यल्लव्वा अंगणाच्या त्या टोकावरून म्हणाली, "लांबच बस गं बाई. माझ्यापायी तुझं शून्य जाईल." ती हसत म्हणाली होती. शैलजाही हसली आणि तिथूनच खोलीत परतली. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला तेव्हा तिनं अंगणाकडची खिडकी लावून घेतली.

सव्विसाव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला दारावर थाप पडली. एप्रिलचं ऊन अंगणात तापून उभं होतं. दारात यल्लव्वा. पायांत चपला नाहीत, डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी, सगळ्या एकात मिसळलेल्या.

"काय हे अक्का?"

"अकरा दिसांच्या हायत. गिळल्याच न्हाईत." तिचा आवाज कोरडा होता. "घिऊन तरी काय करायचं? कुणासाठी? आज सकाळपास्नं ही पिशवी म्होरं घिऊन बसलोय मी. लई वंगाळ मनात याया लागलं. म्हणून उठून आलो तुझ्या दारात."

शैलजाच्या हातात दाराची कडी होती. डबी तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होती आणि ती न बघताही तिला हिरवा गोल दिसत होता. अजून चार दिवस. चार दिवसांनी दाखला. अंगणातच बसू, सावलीत बसू, असं म्हणता आलं असतं, पण अंगणात सावली नव्हती आणि यल्लव्वा अनवाणी होती. आपण दारात आडव्या उभ्या आहोत हे शैलजाच्या ध्यानात आलं. बाहुबली उभा होता अगदी तसंच, एक पाय आत, एक पाय बाहेर. फरक इतकाच की त्याला भीती नव्हती आणि तिला होती.

"आत या," ती म्हणाली.

तिनं आपला मास्क लावला, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि यल्लव्वाला खाटेवर बसवलं. पिशवी हातातून काढून घेतली. यल्लव्वालाही मास्क दिला, पण तिला रडू फुटलं, रडताना खोकल्याची उबळ आली आणि मास्क गळ्यात लोंबत राहिला. शैलजानं तिची पाठ धरली. साडीतून हाडं लागत होती. शैलजाला आठवेना, आपण याआधी कुणाच्या अंगाला हात कधी लावला होता. जानेवारीत असावा.

यल्लव्वा तासभर बोलत होती. नवऱ्याबद्दल, मुलाच्या लग्नाबद्दल, नातवाचं तोंड फक्त मोबाइलवर पाहिल्याबद्दल. शैलजानं सल्ला दिला नाही, कारण तिच्याकडे नव्हताच. मग ती स्वतःचंही बोलली. सकाळी उठवत नाही. आरशात बघावंसं वाटत नाही. नसीमला मी दर वेळी खोटं सांगते.

"मीबी," यल्लव्वा म्हणाली.

दोनला पाच कमी असताना डबीवरचा हिरवा गोल गेला. लाल अठरा आला.

सव्वादोनला फोन वाजला. सव्वीस दिवसांत बाहुबलीनं आपणहून केलेला हा पहिला फोन.

"अगं, अठरा दाखवतोय आकडा."

"हो."

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो. परत तीस."

तो म्हणाला, "बरं, ठीक आहे. तू काळजी घे. घाई करू नको अजिबात. इकडं सगळं नीट चाललंय, आमची काही अडचण नाही."

तो प्रेमानं बोलला होता. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं मोकळं तो बोलला नव्हता. वीस वर्षं कापडातली खोट शोधणाऱ्या बाईला आवाजातली सुटका ओळखायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम धावत आली. "वहिनी, हे कसं झालं? औषध चुकलं?"

"नाही."

नसीमनं सात नंबरच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पट्टी प्रयोगशाळेत पाठवली तर जंतूचा वंश कळतो. तो तुमचा नाही असं निघालं, तर तुमचे सव्वीस दिवस तुम्हाला परत मिळतील. फक्त खोलीत कोण आलं होतं ते लिहून द्यावं लागेल."

"आणि जी आली होती तिचं?"

"नियम मोडला म्हणून बंद वॉर्डात हलवतात. लांब, जिल्ह्याच्या गावी." नसीम जमिनीकडे बघत होती. "तिथं भेटायला कुणी जाऊ शकत नाही."

शैलजानं डबीकडे पाहिलं. आकडा पुन्हा शून्य झाला होता. खाली बारीक अक्षरांत दिवस पहिला असं लिहिलं होतं.

"पट्टी पाठवू नकोस," ती म्हणाली. "आकडा माझाच आहे असं लिही. आणि नसीम, त्या दिवशीचे नऊ प्रश्न परत विचार मला. सगळे. मग अक्कांना विचार. त्या कबूल झाल्यात. औषधाचंही त्या सांगतील तुला."

त्या सकाळी टॅबलेटवर दोन बायकांची खरी उत्तरं गेली. यल्लव्वाच्या अकरा दिवसांच्या गोळ्या नसीमनं परत नेल्या. आठवड्याभरात दोघींकडे समुपदेशक येऊ लागल्या. डॉक्टरांनी यल्लव्वाचे जंतू नव्यानं तपासले, तेव्हा पाच औषधांतलं एक त्यांच्यावर केव्हाचंच चालेनासं झालं होतं असं निघालं. ते बदललं. शैलजाला मनासाठी एक छोटी गोळी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस तिला काही फरक वाटला नाही. मग एका सकाळी तिनं कुणी न सांगता केस विंचरले.

अकरा वाजता दोघी अंगणात गोळ्या घ्यायच्या. खुर्च्या जवळ, दोघींच्या तोंडाला मास्क, गोळीपुरता तो खाली. यल्लव्वा प्रत्येक गोळीला कानडीत शिवी द्यायची. शैलजाला कानडी येत नव्हती, तरी दोन आठवड्यांत तीही त्या शिव्या देऊ लागली. उरलेला दिवस मात्र लांबच लांब असायचा. दुपारी खोलीत पडल्या पडल्या तिला घरातले आवाज आठवायचे, कुकरची शिट्टी, प्रणितीचं पाठांतर, आणि ते आवाज आपल्यावाचून चाललेत हे कळायचं. समुपदेशक बाईंना तिनं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, यावर माझ्याकडे उपाय नाही, पण तुम्ही बोललात हे चांगलं झालं. शैलजाला त्यांचा तो प्रामाणिकपणा आवडला.

मे महिन्याच्या अखेरीला तीस दिवस पुरे झाले. यल्लव्वाचा आकडा तोवर अकरावर आला होता. निर्धोक दाखला न्यायला बाहुबली आला. या वेळी तो चपला काढून आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. शैलजानं कागद त्याच्या हातात दिला आणि समोर बसली.

"एक विचारू? मागे आकडा वर गेला होता, अठरा. तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं ना?"

"असं काय बोलतेस?"

"रागावत नाही मी. फक्त खरं सांगा."

त्यानं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. बाहेर यल्लव्वा कुणाशी तरी फोनवर कानडीत मोठ्यानं बोलत होती.

"हो," तो अखेर म्हणाला. "वाटलं. कसं सांगू तुला. सुरुवातीला लई घाबरलो होतो. मग स्वयंपाक शिकलो, प्रणितीचं बघायला शिकलो. घराची एक घडी बसली. आता परत सगळं बदलणार, तू आजारी, तुझी औषधं, तुझं गप्प बसणं... एक महिना मिळाला असं वाटलं." त्याचे डोळे भरले होते. "मी वाईट माणूस आहे का गं?"

"नाही," शैलजा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत नव्हतं. समोर बसलेल्या त्या माणसापासून आपण किती दूर आलो आहोत, हे तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसत होतं, आणि त्याबद्दल डबी काहीच करू शकत नव्हती. "बरं झालं सांगितलंत. मी सोमवारी येते. खाट कुठं लावायची ते मी आल्यावर ठरवीन."

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी ती घरी गेली. बाहुबलीनं वरण-भात केला होता आणि तो चांगला झाला होता. जैनांच्या घरी होतं तसं, नेहमीसारखं दिवस मावळायच्या आत जेवण झालं. प्रणिती सारखी उठत होती. "आई, तू बस, मी देते. आई, मीठ पुरे का? आई, पंखा लावू?" पाहुण्या बाईला विचारावं तसं ती विचारत होती. चमच्यांची जागा बदलली होती. डाळीचा डबा शैलजाला सापडला नाही. खाट आतल्या भिंतीला लागली आणि त्या नव्या कोपऱ्यात शैलजा बराच वेळ छताकडे बघत पडून राहिली.

मंगळवारी अकराला ती वसाहतीत पोहोचली. यल्लव्वा खुर्चीत बसली होती, शेजारची खुर्ची रिकामी.

"आलीस व्हय," यल्लव्वा म्हणाली. "कसं हाय घर?"

"चांगलं आहे. सगळे फार जपून वागतात माझ्याशी."

"हां." यल्लव्वाला तेवढ्यावरून कळलं. तिनं पुढे विचारलं नाही. दोघींनी गोळ्या घेतल्या, शिव्या दिल्या. यल्लव्वाचा आकडा आज नऊ होता. मुलाचा फोन आला होता, पण आकड्याचं तेवढं बोलून त्यानं तो लगेच ठेवला होता.

निघताना यल्लव्वा म्हणाली, "उद्या येतीस?"

"येते."

"रोज न्हाई जमायचं तुला. कारखाना सुरू हुईल."

"नाही जमणार रोज," शैलजा म्हणाली. "पण उद्या येते."

परतीच्या वाटेवर वडापच्या जीपमध्ये ती मागच्या बाजूला बसली. शेजारच्या बाईनं तिची बॅग मांडीवर घेतली आणि कुठं उतरणार म्हणून विचारलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. प्रणिती होती.

"आई, कुठेयस तू?" तिचा आवाज चिडलेला होता. कालच्यासारखा जपून बोलणारा नव्हता. "मी क्लासमधून आले तर घरात कुणीच नाही. सांगून तरी जायचं ना!"

"वाटेत आहे," शैलजा म्हणाली. "वीस मिनिटं लागतील. तू जेवून घे."

"नको," प्रणिती म्हणाली. "थांबते."